दारावर कुत्र्याचं नाव आहे

१४ मार्च १९९८, शनिवार

शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाले तेव्हा हेडबाईंनी ही जाडजूड वही हातात ठेवली होती, पाककृती लिहून काढ म्हणून. एकतीस वर्षं पोरांना उकडलेले बटाटे वाढले, त्यात लिहून काढण्यासारखं काय असतं ते मला अजून कळलेलं नाही. वही आठ महिने कोरी पडून होती. आज उघडली, कारण आज मी एक गोष्ट ठरवली आहे आणि ती कुठेतरी लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

यंदा झोपडीच्या दारावर माझं नाव लागणार.

झोपडी आमच्या मासेमारी क्लबची, ब्रॅनख नदी जिथून निघते त्या लॉखच्या, म्हणजे तळ्याच्या, काठावरची. आज वाट साफ करायला मंडळी जमली होती आणि मी त्यांच्यासाठी सूप घेऊन गेले होते. सूप गरम होईपर्यंत उभ्या उभ्या ते दार पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत वाचलं. १९११ पासून दर वसंतात समुद्रातून नदीत शिरलेला पहिला ताजा सी-ट्राउट ज्याच्या गळाला लागतो, त्याचं नाव पांढऱ्या रंगात त्या दारावर चढतं. मुदत एकतीस मेपर्यंत. नंतर उन्हाळा, आणि उन्हाळ्यात मासा कुणालाही मिळतो. दारावर डॉक्टर आहेत, दोन पाद्री आहेत, तीन मेजर आहेत आणि १९५३ समोर कॅप्टन आहे. हा कॅप्टन म्हणजे डॉक्टरांचा कुत्रा. डॉक्टरांच्या गळातून निसटलेला मासा त्याने उडी मारून तोंडात धरून आणला, म्हणून डॉक्टर हटून बसले की नाव त्याचंच लागलं पाहिजे. शेवटच्या चार वर्षांपुढे नुसती रेघ आहे. चार वर्षं वसंतात मासाच आलेला नाही. आणि इतक्या नावांत बाईचं नाव एकही नाही.

मी हे मोठ्याने बोलले. लॅखी, माझा चुलतभाऊ, शाळेची बस चालवतो आणि लहानपणापासून मला चिडवणं हे त्याचं दुसरं काम आहे. सुपात पाव बुडवत तो म्हणाला, "ईना, मासा सुपात जातो. सुपातून येत नाही." सगळे हसले. मीही हसले, पण घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं.

१६ मार्च, सोमवार

सकाळीच फार्करकडे गेले आणि विचारलं, मला शिकवाल का.

फार्कर मॅथेसन एकोणऐंशीचे आहेत. बावन्न वर्षं लॉजवर गिली होते, म्हणजे पाहुण्या साहेबांची होडी वल्हवायची, मासा कुठे आहे ते सांगायचं, लागला की जाळ्यात घ्यायचा आणि फोटोत कडेला उभं राहायचं. दारावरच्या किमान वीस जणांच्या होड्या त्यांनी वल्हवल्या आहेत. त्यांचं स्वतःचं नाव मात्र नाही. आठवड्याचे सहा दिवस साहेबांचे आणि सातवा रविवार, त्या दिवशी पाण्यात गळ टाकायचा नसतो, त्यामुळे राहून गेलं म्हणाले. "नाव नसलं म्हणून काय झालं? हात आहेत माझे त्या दारावर." हसून म्हणाले खरं, पण मग चुलीकडे तोंड फिरवलं.

नाव चढायला शब्दही त्यांचाच लागतो. मासे इतके घटलेत की पकडलेला प्रत्येक मासा परत सोडायचा असा आता क्लबचा नियम आहे. मग तो ताजाच होता हे सांगायला साक्षीदार हवा, कारण वसंतात नदीत दोन तऱ्हेचे मासे असतात. एक समुद्रातून नुकताच वर आलेला, अंगाने भरलेला. त्याच्यावर कधी कधी समुद्रातल्या उवा असतात, लांब शेपट्यांच्या, ज्या गोड्या पाण्यात एक-दोन दिवसांत गळून पडतात. दुसरा केल्ट, म्हणजे थंडीत अंडी घालून खंगलेला, परत समुद्राकडे निघालेला. केल्ट जाता जाता पुन्हा चंदेरी होतो आणि भल्याभल्यांना फसवतो. केल्ट पकडून ताजा म्हणून मिरवला तर ब्रॅनख गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. फार्कर पन्नास वर्षांत एकदाही फसलेले नाहीत. ते "ताजा" म्हणाले की विषय संपला.

उद्यापासून शिकवणी. मला पोरी म्हणाले. एकसष्टाव्या वर्षी.

१९ मार्च, गुरुवार

दंड दुखतायत. दोरी मागे नेताना काठी एकवर थांबवायची, पुढे टाकताना दहावर. या माणसाच्या लेखी सगळं जग घड्याळाच्या तबकडीवर आहे.

मी दोरी टाकते तेव्हा ते डोळे मिटून बसतात. मला वाटलं कंटाळले. तर म्हणाले, "ऐकतोय. चांगली दोरी आवाज करत नाही. तुझी चादर फाटल्यासारखी येते." माशी बांधायचं कामही माझंच. म्हणजे गळावरची पिसांची खोटी माशी, निळी-रुपेरी, नखाएवढी. दोरीचं टोक तिच्या इवल्याशा भोकात घालताना माझी बोटं गारठून लाकूड झाली, तरी त्यांनी हात लावला नाही. शिकणाऱ्याने स्वतः बांधायची म्हणे. पुलाच्या खांबावर पाणी किती चढलंय तेही मीच वाचून सांगायचं. फार कडक मास्तर आहे.

२ एप्रिल, गुरुवार

आज दोरी दहा हात सरळ गेली, न फाटता, न गुंतता, आणि माशी पाण्यावर अशी उतरली की मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. त्याआधी ती माझ्या टोपीत, कुंपणाच्या तारेत आणि एका मेंढीत अडकली होती. मेंढी ठीक आहे.

फार्करनी व्हॅन भाच्याला देऊन टाकली. चालणं तब्येतीला बरं म्हणतात. दगडी कुंपणावरून हात फिरवत रमतगमत चालतात, काही घाई नाही. आज माझ्याकडे चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि तो अख्खा कप संपवून छान झालाय म्हणाले. माझ्या गरम स्कोनच्या पावांवर इतकं लक्ष होतं त्यांचं.

१८ एप्रिल, शनिवार

लागला. लागला. लागला.

संध्याकाळी पाचच्या सुमारास पुलाखालच्या डोहात माशी टाकली आणि दोरी थांबली. मला वाटलं दगड. मग दगड चालायला लागला. काठीवरचं रीळ असं किंचाळलं की वरच्या कुरणातली मेंढरं पळाली. मी मांडीभर पाण्यात, बुटांत पाणी, तोंडाने सतत काहीतरी बडबडतेय, त्यातली निम्मी प्रार्थना आणि निम्म्या शिव्या. पंधरा मिनिटांनी जाळ्यात आला. लांबच लांब, चंदेरी, नव्या डावासारखा चकचकीत.

फोटो काढला आणि फार्करना हाका मारल्या. ते वरच्या काठावर बसले होते, कुंपण धरून सावकाश खाली आले. ऊन अजून लख्ख होतं. मी मासा दोन्ही हातांनी थेट त्यांच्या तोंडासमोर धरला. ते नुसते उभे राहिले. मला धास्ती की हातातच मरतो की काय. त्यांनी हात पुढे केला, पण तेवढ्यात तो वळवळून पाण्यात गेलासुद्धा.

"ताजा ना?" मी विचारलं.

"चकाकत होता," ते म्हणाले. मग जरा थांबून, "हो. ताजा."

इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता. माझ्या नवऱ्याला, डंकनला, मी हे कधी सांगितलं नाही. आता वर बसून वाचत असेल तर वाचू दे.

२० एप्रिल, सोमवार

नॅन गिलँडर्स दुकान चालवते, क्लबची चिटणीसही तीच आणि दारावर नावं रंगवणारीही तीच. तिने आज माझं नाव लिहिलं. ईना मॅक्रे, १८ एप्रिल. चार रेघांखाली ते नाव असं शोभतंय की मी तीनदा मागे सरून बघितलं. लॅखीने माझ्यापुढे वाकून टोपी काढली. मी त्याला सूप वाढलं.

फार्कर आले नाहीत. सर्दी झाल्याचा निरोप होता. मी रस्सा घेऊन गेले तर शिंक एक नाही, खोकला नाही, आणि माशाचा विषय काढला की बोलणं दुसरीकडेच. वयाने माणूस असा होतो.

२९ एप्रिल, बुधवार

फोटो धुवून आले. माशाचा उत्तम आलाय. नॅनने दुकानाच्या खिडकीत लावला. मी दिवसभरात चारदा दूध आणायला गेले.

३० एप्रिल, गुरुवार

लॅखी दारात आला आणि हसत नव्हता. त्यावरूनच मी समजायला हवं होतं. म्हणाला, "ईना, एकदा नीट बघ. डोकं केवढं आणि अंग केवढं. पोट आत गेलंय. शेपटीच्या कडा झिजल्यात. केल्ट आहे तो."

मी त्याला नाही नाही ते बोलले. जळतोस म्हणाले, आयुष्यभर जळत आलायस म्हणाले. तो गेल्यावर दुकानात जाऊन फोटो काढून आणला आणि खिडकीशी धरून बघत बसले. दीड महिना फार्करनीच मला शिकवलं होतं काय बघायचं ते. सगळं तिथे होतं. मी खंगलेला मासा पकडून नाचत होते आणि गावाने मला सूप पाजू दिलं.

मग राग आला तो फार्करवर. पन्नास वर्षं न फसलेला माणूस. मी मासा त्यांच्या नाकासमोर धरला होता.

२ मे, शनिवार

भांडायला गेले होते. फोटो त्यांच्या हातात कोंबला आणि म्हटलं, सांगा आता.

त्यांनी फोटो बराच वेळ धरला. मग म्हणाले, "चांगला आलाय की." फोटो उलटा धरला होता त्यांनी. पाणी वर आणि पूल खाली.

एकाएकी मला सगळं आठवलं. मीठ, कुंपण, माशीचं भोक, पुलाचा खांब, ते मिटलेले डोळे. मी कडक मास्तर म्हणत होते. इतकी मठ्ठ बाई या गावात दुसरी नसेल.

भिंतीवरच्या घड्याळामागून एक न फोडलेलं पाकीट काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. इन्व्हरनेसच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र होतं, तीन आठवडे तसंच पडलेलं. मी वाचून दाखवलं. दोन्ही डोळ्यांतला मधला भाग गेलाय, तो परत येणार नाही, कडेचं तेवढं दिसत राहील.

"ठाऊकच होतं," ते म्हणाले. "तुझ्या तोंडाच्या जागी धुकं असतं पोरी. कान दिसतात."

मला हसू आलं आणि रडूही. मग त्यांनी मनातलं सांगितलं. गावाला कळलं की कुणी त्यांना होडीत पाऊल ठेवू देणार नाही, आणि त्यांच्या शब्दाला कवडीची किंमत राहणार नाही. शब्दाशिवाय माझ्याकडे आहे काय, म्हणाले. आणि एकदाच, फक्त एकदाच, साहेबाच्या नाही, स्वतःच्या हाताने वसंतातला एक ताजा मासा लागावा, एवढं एकच मागणं उरलंय. यंदाच. पुढच्या वसंतात हातात एवढा जोर राहील याचा भरवसा नाही.

मी गेले तशी परत आले. भांडण करायचं राहूनच गेलं.

५ मे, मंगळवार

क्लबची बैठक. विषय एकच, दारावरचा केल्ट. नॅनने विचारलं, "फार्कर, तुम्ही साक्षीदार होतात. काय झालं?" फार्करनी तोंड उघडलं. ते काय बोलणार होते देव जाणे. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, त्यांचा दोष नाही. ते खाली यायच्या आतच मी मासा सोडून दिला होता. अंगावर उवा होत्या, लांब शेपट्यांच्या, असं मी त्यांना सांगितलं. खोटं सांगितलं. नाव हवं होतं मला.

लॅखी माझ्याकडे बघत राहिला. मी खोटं बोलत नाही हे त्याला लहानपणापासून माहीत आहे, त्यामुळे बिचाऱ्याला काय समजावं तेच कळेना. नॅनने क्लबच्या वहीत लिहिलं, ईना मॅक्रे यांची साक्ष यापुढे धरू नये. नाव मीच घासून काढलं, काचकागदाने. नवाकोरा रंग, सहज गेला.

फार्कर उठून निघून गेले. आभार मानायचे नसले तरी दार तरी हळू लावायचं.

९ मे, शनिवार

दुकानात शिरले की बोलणी थांबतात. फार्कर दार उघडत नाहीत. आत आहेत, धूर निघतो. या माणसासाठी मी चारचौघांत नाक कापून घेतलं आणि हा रुसून बसलाय. मी कॅमेरा कपाटात कोंडून ठेवला. काठीही ठेवणार होते. ठेवली नाही.

१६ मे, शनिवार

सकाळी सातला दारावर थाप. फार्कर, टोपी घालून, खांद्यावर जुनी काठी.

"परस्पर खोटं बोललीस," ते म्हणाले. "मला विचारलं नाहीस. अकरा दिवस मला स्वतःच्या तोंडाची लाज वाटतेय."

मी म्हटलं, विचारलं असतं तर तुम्ही बोलू दिलं असतं? तेही खरं म्हणाले, आणि लगेच, "होडी काढ. वल्ही तुझी."

दिवसभर लॉखवर होतो. समुद्रापासून इथवर नदी अर्ध्या मैलाची, त्यामुळे समुद्रातला मासा एका भरतीत वर येतो. मी वल्हवते आणि बघते, ते टाकतात. मासा वर आला की मी ओरडायचं, "अकरावर, पंधरा हात!" होडीचं नाक म्हणजे बारा. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांची माशी तिथे उतरलेली असते, आवाज न करता. मला आता कळलं की मार्चपासून हा माणूस मला दोरी टाकायला नाही, त्याच्याऐवजी बघायला शिकवत होता. की दोन्ही? विचारलं नाही. आज छोटे तपकिरी ट्राउटच लागले, पण मजा इतकी आली की डबा उघडायचं भान राहिलं नाही.

२३ मे, शनिवार

गेला. दोनवर, बारा हात. मोठा होता, पाठ दिसली मला, मी ओरडले, त्यांनी टाकली, त्याने घेतली, रीळ गायला लागलं, आणि माझं वल्हं निसटलं. होडी फिरली, दोरी सैल पडली, मासा गेला. मी आईबापांना स्मरून जे बोलले ते इथे लिहीत नाही. फार्कर हसत होते. "आला ना पण? समुद्रातून आला. चार वर्षांनी आला." खरंच की. मासे आलेत!

२८ मे, गुरुवार

तीन दिवस वादळी वारा. लॉखवर फेसाच्या लाटा, होडी काढायची सोय नाही. एकतीस तारखेला रविवार. म्हणजे उरला फक्त शनिवार, आणि उद्याचा शुक्रवार वारा पडला तर. मी ओटची बिस्किटं भाजते आहे, तिसरी खेप. खाणार कोण?

३० मे, शनिवार

सगळं क्रमाने लिहायचं ठरवलंय, नाहीतर शेवट आधी लिहीन.

शुक्रवारही वाऱ्यात गेला. आज पहाटे वारा उतरला, पाण्यावर बारीक सुरकुती, आकाशात ढग, हवं तसं. दुपारी तीनपर्यंत काही नाही. चारपर्यंत काही नाही. फार्करचे खांदे वाकायला लागले होते. मग उजवीकडे पाण्याला एक जाड वळसा पडला. "तीनवर, वीस हात!" वीस हात फार होते. ते उठून उभेच राहिले, एकोणऐंशी वर्षांचा माणूस हलत्या होडीत, आणि दोरी माझ्या डोक्यावरून गेली ती मला ऐकूसुद्धा आली नाही.

घेतली त्याने.

वीस मिनिटं. तीनदा हवेत उडाला. मी वल्ही अशी पकडली होती की तळहात सोलले. फार्कर माझ्यावर ओरडत होते, "डावं! डावं, बाई, डावं म्हणजे कुठलं ते माहीत आहे ना?" बावन्न वर्षांत साहेबांवर ओरडायची सोय नव्हती, ते सगळं आज माझ्यावर निघालं. शेवटी मी जाळं खाली घातलं आणि उचललं. पाठ रुंद, पोट भरलेलं, खवले इतके ओले की बोटाला चिकटले. आणि कल्ल्यामागे दोन उवा, दोऱ्यासारख्या लांब शेपट्यांच्या. मी ते त्यांना मोठ्याने सांगितलं.

त्यांनी बाही वर करून मासा जाळ्यातच, पाण्याखाली धरला. अंगठा पोटावरून फिरवला, मग शेपटीच्या कडेवरून. "ताजा," ते म्हणाले. डोळे वाहत होते त्यांचे. माझेही.

मी म्हटलं, जाळ्यातच ठेवू, किनाऱ्याला नेऊ, नॅनला हाक मारते, तिला बघू दे. ते नाही म्हणाले. दारासाठी मासा मारायचा नसतो. आणि हात उघडला.

निम्मं अंतर वल्हवल्यावर माझ्या लक्षात आलं. साक्षीदार मी एकटी होते. आणि माझी साक्ष धरायची नाही असं वहीत लिहिलेलं होतं. माझी वल्ही थांबली. फार्करनी विचारलं काय झालं. मी सांगितलं नाही.

झोपडीत नॅन आणि लॅखी चहा घेत होते. मी सांगितलं, एका दमात, उवांसकट. लॅखी हसला नाही. नॅनने वही उघडली, बघितली, मिटली. "ईना, मला पटतंय गं. पण मीच लिहिलंय. तुझी साक्ष चालत नाही."

फार्कर दाराला हात लावून उभे होते. त्यांनी टोपी काढली.

"तिची साक्ष चांगली आहे," ते म्हणाले. "वाईट होती ती माझी. एप्रिलमध्ये तिने मासा माझ्या तोंडासमोर धरला होता. मला चकाकी दिसली, मासा दिसला नाही. मला आता दिसत नाही, नॅन. ते बोलायची लाज वाटली म्हणून मी ताजा म्हणालो. त्या दिवशी ती खोटं बोलली नाही. खोटं बोलली ती बैठकीत, माझी लाज झाकायला."

मग लॅखीने हळूच विचारलं, "मग आजचा मासा तुम्ही पाहिलात कसा?"

"मी नाही पाहिला. तिने पाहिला. मी धरला."

लॅखी उठला, कोपऱ्यातला रंगाचा डबा घेतला आणि बसच्या किल्लीने त्याचं झाकण उघडलं. नॅनने वहीतली ती ओळ खोडली, दोनदा, आणि ब्रश घेतला. नाव काय लिहू म्हणाली.

"ईना मॅक्रे," फार्कर म्हणाले. "होडी तिची होती, डोळे तिचे होते."

खरं लिहिते. एक क्षण मला ते हवं होतं. फार हवं होतं. ती घासलेली जागा माझ्यासमोरच होती. मग मी म्हटलं, "नाव नसलं म्हणून काय झालं? हात आहेत माझे त्यावर." आणि सोललेले तळहात दाखवले, त्यांना दिसणार नाहीत हे विसरून.

नॅनने लिहिलं. फार्कर मॅथेसन, ३० मे. ते पुढे झाले आणि वाचायला बोट लावलं, ओल्या रंगावर, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, सावकाश. पहिलं अक्षर सगळं फिसकटलं. नॅन फडकं घेऊन पुढे आली तर लॅखीने तिचं मनगट धरलं. तसंच राहू दे म्हणाला. होडीतून उतरा असं फार्करना कुणी म्हणालं नाही. उलट लॅखी विचारत होता, जूनमध्ये त्याला कधी नेणार.

३१ मे, रविवार

आज पाण्यावर कुणी नाही. चर्चनंतर फार्करना हाताला धरून झोपडीकडे नेलं, रंग वाळलेला त्यांना बोटांनी बघायचा होता. बघितला. मग त्यांचं बोट आणखी खाली सरकलं आणि थांबलं. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी वाकून बघितलं. त्यांच्या नावाखाली, वाकड्यातिकड्या अक्षरांत, नॅनच्या हातचं नक्कीच नाही: वल्ह्यांवर, ईना मॅक्रे. रंग अजून ओला होता. म्हणजे लॅखीने आज सकाळी, रविवारी, चर्चच्या वेळी येऊन हे केलंय. ज्याचा बाप चर्चचा पंच होता आणि रविवारी कुठल्याही कामाला हात लावू देत नसे, त्याने.

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले, चांगली पोटभर. फार्कर शेजारी बसले आणि बोटाला लागलेला रंग माझ्या बाहीला पुसला.

फक्त एक आहे. अक्षरं कुत्र्याच्या नावापेक्षा लहान काढली आहेत. उद्या लॅखीला विचारणार आहे.